रूप, रंग आणि आपली जीभ

दुपारची वेळ आहे. कुणी शेंगा फोडत असेल, कुणी तांदूळ निवडायला घेतला असेल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

गेल्या महिन्यात श्रोता गटाच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न विचारला होता. तुमच्या दिसण्याबद्दल तुम्ही पहिल्यांदा काय ऐकलंत, आणि कुणाच्या तोंडून? आम्हाला वाटलं, बायका लाजतील, ‘आता कुठं आठवतंय’ म्हणतील. झालं उलटंच. बावीस जणी होत्या आणि एकीलाही आठवायला वेळ लागला नाही. साठी ओलांडलेल्या एक मावशी म्हणाल्या, “मी जन्मले तेव्हा आजी म्हणाली होती, पोरगी ती पोरगी, त्यात काळी. आईनं मला ते पुढं कितीदा तरी सांगितलं.” दुसरी म्हणाली, “भाऊ गोरा आणि मी अशी. उलट झालं असतं तर बरं झालं असतं, असं सगळे म्हणायचे.” एकीला दात पुढे आहेत म्हणून हसताना तोंडावर पदर धरायला शिकवलं होतं. ती पन्नाशीत आहे आणि अजून तसंच हसते. नववीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. ती हळूच म्हणाली, “मी दुसरी पोळी घेतली की काकू माझ्याकडे बघतात.”

सगळ्यांचं सांगून झालं, तेव्हा आमच्या एक गोष्ट लक्षात आली. बावीस जणींपैकी एकीनंही सिनेमाचं, टीव्हीचं किंवा मोबाइलचं नाव घेतलं नव्हतं. आजी, आई, आत्या, मामी, काकू, शेजारीण, हीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. कारण आता आई, आत्या आणि मामी आपणच आहोत.

म्हणून आज बाईच्या रूपाबद्दल बोलू या. रूपाची कल्पना कशी बदलत गेली, तिची किंमत बाईचं शरीर कसं मोजतं आणि त्यात आपल्या जिभेचा वाटा किती, एवढंच.

आधी आपल्याच घरात बघू. तुमची आजी किंवा पणजी आठवा. कपाळावर गोंदलेलं टिंब, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन. गोंदणारी दारावर यायची आणि पोरींना धरून बसवायची. पोरी रडायच्या, पण गोंदून घ्यायच्या, कारण गोंदलेली नसली तर बाईचं अंग उघडं वाटतं असं म्हणत. सगळे दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आज्या सांगायच्या. मग काय झालं? आपल्या आयांच्या पिढीला गोंदण अडाणीपणाचं वाटू लागलं. शहरात नोकरीला लागलेल्या कितीतरी जणींनी ते लपवलं, काहींनी पैसे मोजून काढून घेतलं. आणि आता आपल्या मुली कॉलेजात जाऊन मनगटावर, मानेवर टॅटू काढून येतात. सुई तीच, शाईही तशीच. आजीचं ते गावठी आणि नातीचं ते फॅशन. एका घरात, तीन पिढ्यांत, एकच खूण सुंदर झाली, कुरूप झाली आणि पुन्हा सुंदर झाली.

अंगाचंही तसंच. पूर्वी सून बघताना म्हणायचे, पोरगी अंगानं भरलेली आहे, खात्यापित्या घरची दिसते. बारीक पोरीला ‘काडीपैलवान’ म्हणायचे. दुष्काळ ज्यांनी पाहिले, त्यांना भरलेलं अंग हेच सुख वाटायचं. त्यात नवल नाही. मग दिवस बदलले. १९९४ साली भारताच्या दोन मुली एकाच वर्षात मिस युनिव्हर्स आणि मिस वर्ल्ड झाल्या. सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय ही नावं गावोगावी पोचली. त्यांचं कौतुक वाटलं, वाटायलाच हवं. पण त्यांच्याबरोबर उंची, कंबर आणि वजन यांची मापंही घरात आली. २००८ साली ‘टशन’ सिनेमा आला आणि करीना कपूरमुळे ‘झिरो फिगर’ हा शब्द तालुक्याच्या कॉलेजापर्यंत पोचला. कालपर्यंत जिला ‘खात्यापित्या घरची’ म्हणत होते, तिला आता ‘जरा कमी खा’ म्हणू लागले. अंग तेच होतं. बघणाऱ्याची नजर बदलली.

सगळं बदललं, पण रंगाचं खूळ तेवढं गेलं नाही. याचं आम्हाला खरंच आश्चर्य वाटतं. आपला विठोबा काळ्या पाषाणाचा. त्याला आपण प्रेमानं सावळा म्हणतो आणि त्याच्या पायावर डोकं ठेवायला शेकडो मैल चालत जातो. महाभारतातली द्रौपदी सावळी होती, म्हणून तिचं एक नाव कृष्णा आहे. तिच्या रूपाची कीर्ती साऱ्या भरतखंडात होती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात काळ्या वर्णाची एक दागिने ल्यालेली स्त्री रंगवली आहे. तिला ‘काळी राजकन्या’ म्हणून ओळखतात. इतकं सगळं आपल्याकडे असताना लग्नाच्या जाहिरातीत मात्र ‘गोरी’ हवी. नसेल तर ‘निमगोरी’, तीही नसेल तर ‘गव्हाळ’. सावळा देव चालतो, सावळी सून चालत नाही.

या हौसेवर मोठा बाजार उभा राहिला. ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम भारतात १९७५ साली आलं. त्याच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मुलगी सावळी असते म्हणून नोकरी मिळत नाही, स्थळ येत नाही. मग क्रीम लावते आणि सगळं मिळतं. अशा जाहिरातींवर खूप टीका झाली. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण परिषदेनं नियम केला, की रंगावरून कुणाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झालं. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं वर्णानुसार स्थळं शोधायची सोय काढून टाकली. हे चांगलंच झालं. पण आमच्या गावातल्या दुकानात एक बाई अजून विचारते, “गोरं व्हायचं क्रीम आहे का?” आणि दुकानदार अजून तेच काढून देतो. डब्यावरचं नाव बदललं, मागणं बदललं नाही.

आता रंगाचं शास्त्र थोडं समजून घेऊ. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात साधारण सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचा रंग तयार करतात याचा. त्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. ते उन्हापासून कातडीचं रक्षण करतं. आपण दिवसभर खुरपायला गेलो की हात काळवंडतात, कारण शरीर आपली छत्री उघडतं. उन्हानं रापलेला रंग सावलीत राहिल्यावर बराचसा निवळतो. पण जन्माचा जो रंग आहे, तो कुठलंही क्रीम कायमचा बदलू शकत नाही. मग काही क्रीमांनी आठ दिवसांत चेहरा उजळतो तो कसा?

इथं आमच्यातल्या एकीच्या भाचीची गोष्ट सांगतो. तिला विचारूनच सांगतो आहोत. भाचीला बघायला पाहुणे येणार होते. महिनाभर आधी कुणीतरी सांगितलं, अमुक ट्यूब लाव, सगळ्या लावतात. औषधांच्या दुकानात मागितली, कुणी काही विचारलं नाही, मिळाली. खरंच आठवड्यात चेहरा उजळला. पाहुणे आले, पसंती झाली, लग्न लागलं. आम्ही सगळ्यांनी तिला म्हटलं, “किती छान दिसतेस गं!” सासरी गेल्यावरही ती ट्यूब लावतच राहिली. पाच-सहा महिन्यांनी चुलीपुढे बसलं की चेहरा पेटल्यासारखा व्हायचा. गाल लालभडक, त्यावर बारीक शिरा दिसायला लागल्या, पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर लव वाढली. तिनं ट्यूब बंद केली तर त्रास दुप्पट झाला, म्हणून पुन्हा सुरू केली. मावशीला कळलं तेव्हा मावशी म्हणाली, “अगं, मग सोडत का नाहीस?” तर ती म्हणाली, “मावशी, त्यांनी मला ज्या रंगात पसंत केलं, तो रंग त्या ट्यूबचा होता. तो उतरला तर?”

मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकल्यापासून आम्हाला चैन नाही.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड हे चांगलं औषध आहे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते ठरावीक दिवस, ठरावीक जागी लावायला देतात. पण ते चेहऱ्यावर रोज, महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुम आणि केस येतात, ऊन सोसत नाही. आणि कातडीला त्याची सवय लागते. म्हणूनच बंद केलं की चेहरा आणखी भडकतो, आणि बाईला वाटतं क्रीम थांबवल्यामुळे बिघडलं. खरं तर क्रीमनंच बिघडवलेलं असतं.

हे एकट्या भाचीचं नाही. भारतातल्या १२ वैद्यकीय केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी एक पाहणी केली होती, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. आणि या ४३३ मधल्या २५७ जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. म्हणजे पाचातल्या जवळजवळ तिघांना सल्ला देणारं कुणीतरी दुसरंच होतं. ‘सगळ्या लावतात’ असं म्हणणारं आपल्यातलंच कुणीतरी.

तर मग ट्यूब घेताना काय बघायचं? नाव बारीक अक्षरात असतं, पण वाचा, नाहीतर मुलांकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन हे शब्द दिसले तर ते स्टेरॉइड आहे. मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन ही नावं असतील तर ते तीन औषधांचं मिश्रण आहे. तेही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लावायचं नाही. जिच्यावर काहीच छापलेलं नाही, अशी डबी तर हातातही घेऊ नका. काही उजळ करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. पारा कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३ साली केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात असे रुग्ण आढळले, आणि डॉक्टरांना मूळ सापडलं ते त्यांच्या चेहऱ्याच्या क्रीममध्ये. पायाला सूज, लघवीला फेस, आणि कारण काय, तर गोरं व्हायची डबी.

आणि ज्या आधीपासून अशी ट्यूब लावत आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नका, स्वतःच्या मनानं दुसरं काही लावूही नका. ट्यूब बरोबर घेऊन सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात जा. हळूहळू सोडवता येतं. भाचीला जवळजवळ वर्ष लागलं. तिच्या नवऱ्याला तिनं अखेर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “एवढं सोसलंस आणि मला सांगितलं नाहीस?” रंगाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. सासूबाई मात्र चार दिवस गप्प होत्या. पाचव्या दिवशी त्याच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. सगळ्यांच्या नशिबी असं घर असतं असं नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणूनच ही गोष्ट आधीच थांबवायला हवी.

आता पोळीकडे वळू. त्या नववीतल्या मुलीच्या दुसऱ्या पोळीकडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच पाहणीत शंभरातल्या साधारण २१ जणी वजनानं फार कमी आणि २३ जणी जास्त वजनाच्या निघाल्या. बघा, एकाच राज्यात, कधी कधी एकाच घरात, एक बाई वाळलेली आणि एक सुटलेली. आणि दोघींचंही रक्त कमी असू शकतं. जाड बाई म्हणजे धडधाकट आणि बारीक बाई म्हणजे निरोगी, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

पण आपण पोरीला काय विचारतो? “किती जाड झालीस!” किंवा “किती वाळलीस!” हिमोग्लोबिन किती आहे, हे कुणी विचारत नाही. ते १२ च्या वर हवं. गरोदर बाईचं ११ च्या वर. शाळेत मुलींना आठवड्याला निळी लोहाची गोळी मिळते. आमच्या बैठकीत कळलं, की काही मुली ती फेकून देतात, कारण गोळीनं जाड होतं असं कुणीतरी सांगितलंय. गोळीनं कुणी जाड होत नाही. कुणाला मळमळतं, शौचाला काळं होतं, पण जेवणानंतर घेतली तर बहुतेकींना सोसते. आणि जी मुलगी बारीक व्हायचं म्हणून सकाळची भाकरी सोडते, ती दुपारी वर्गात पेंगते, पाळीत चक्कर येऊन पडते. उद्या तिचं बाळंतपण व्हायचं आहे.

आम्ही असं म्हणत नाही की वजनाकडे बघूच नका. जास्त वजनानं साखर, रक्तदाब, गुडघे यांचा त्रास होतो. बाईनं बेंबीपाशी टेपनं कंबर मोजावी. ८० सेंटिमीटरच्या वर गेली तर आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. टेप त्यासाठी वापरा. दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं पोट लग्नातल्या फोटोसारखं दिसावं म्हणून वापरू नका.

फोटोचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या मुलींच्या मोबाइलमध्ये फोटो काढला की चेहरा आपोआप उजळ होतो, डोळे मोठे होतात, गालावरचे डाग जातात. पूर्वी मुली शेजारणीशी आपली तुलना करायच्या. आता त्या आपल्याच खोट्या फोटोशी आपल्या खऱ्या चेहऱ्याची तुलना करतात, आणि खऱ्या चेहऱ्याला नाव ठेवतात. एका आईनं आम्हाला सांगितलं, “लेक फोटो काढते आणि आरसा बघायचं टाळते.” तिच्यावर ओरडू नका. तिच्याजवळ बसा. तो उजळ करणारा पर्याय बंद करून दोघींचा एक फोटो काढा. आमच्या गटात आम्ही काढला. पहिल्यांदा सगळ्या म्हणाल्या, “अगं बाई, अशी दिसते मी?” मग सगळ्या हसल्या आणि तोच फोटो गटाच्या वहीत चिकटवला. ज्या मावशी पन्नाशीतही तोंडावर पदर धरतात, त्यांचा हात त्या फोटोत खाली आहे.

बैठकीच्या शेवटी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर तुम्हीही करून बघा. पहिली, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या पोरीला पहिलं वाक्य तिच्या अंगाबद्दल किंवा रंगाबद्दल बोलायचं नाही. अभ्यास विचारा, काम विचारा, काही न सुचलं तर “ये, बस, पाणी घे” म्हणा. दुसरी, आपल्या घरच्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तर परत येताना गाडीत तिच्या रंगाची चर्चा करायची नाही, दुसऱ्यानं काढली तरी त्यात भर घालायची नाही. तिसरी, कुणालाही तोंडाला लावायचं काही सुचवायचं नाही, आपल्याला कितीही गुण आलेला असला तरी.

ऐकायला सोपं वाटतं, पण सोपं नाही. पहिल्याच आठवड्यात आम्ही चौघीजणी चुकलो.

गेल्या रविवारी गल्लीत एका मुलीचं बारसं होतं. आपल्याकडे पद्धतच आहे, तान्ह्या बाळाची कानाची पाळी बघायची आणि मोठेपणी रंग कसा होईल ते सांगायचं. एकीनं सवयीनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानाला हात लावला. बाळाची आई तिच्या तोंडाकडे बघत होती. बाळंतीणच ती, रंगानं सावळी, डोळ्यांत नुसती भीती. तेवढ्यात सुरुवातीला सांगितलं त्या साठीच्या मावशी पुढे झाल्या, ज्यांना जन्मल्याबरोबर काळी म्हटलं होतं. बाळ तेव्हा मोठ्यांदा रडत होतं. मावशी म्हणाल्या, “कान राहू दे बाई, आवाज ऐक. कसा खणखणीत आहे! सगळी गल्ली जागी करील.” सगळ्या हसल्या, बाळंतीणही हसली. कानावरचा हात निघाला.

त्या मुलीला मोठेपणी कुणी विचारलं, की तुझ्याबद्दल घरात पहिल्यांदा काय बोललं गेलं, तर तिची आई तिला हेच सांगेल.

पुढच्या भागात आपण पाळी थांबण्याच्या वयाबद्दल बोलणार आहोत. तोवर या आठवड्यात एक करा. घरातल्या एका मुलीला विचारा, तुझ्या दिसण्याबद्दल तू कुणाकडून काय ऐकलंस? ती तुमचं नाव घेईल. घेतलं तर रागावू नका, ऐकून घ्या.